अकरा सेकंदांचं दार

१२ जानेवारी, रविवार

दादा,

सुरुवातीला 'तीर्थस्वरूप' असं लिहिलं होतं, मग माझं मलाच हसू आलं आणि तो कागद फाडला. सात वर्षांनी पत्र लिहिताना कुठून सुरू करायचं हे शाळेत शिकवत नाहीत. तेव्हा नुसताच नमस्कार.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण दुकानाच्या पायऱ्या ती अजून भांडत भांडत चढते, त्याअर्थी फार दुखत नसावा. बाबांना आता दोन चष्मे लागतात, एक लावायला आणि एक पहिला शोधायला. फ्रेमचं दुकान चालू आहे. तुझा पत्ता आईकडून घेतला. तू तिला वर्षातून दोनदा लिहितोस हे मला ठाऊक आहे. ती पत्रं मला दाखवत नाही, पण पत्र आलं की दोन दिवस कुणावर चिडत नाही, त्यावरून कळतं. तू एका मोठ्या गोदामात माल मोजून घेण्याचं काम करतोस एवढंच तिने सांगितलं.

आता कामाचं. मी चित्रपटाच्या शाळेत शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय संकलन, म्हणजे लोकांनी जीव तोडून केलेलं काम कापून फेकणं. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा एक चित्रपट करावा लागतो. माझा चोवीस मिनिटांचा आहे. एक फ्रेमवाला आहे, त्याची एक मुलगी आहे, तिला शिकायला दूर जायचंय आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. चित्रण आपल्याच दुकानात केलं. मुलीचं काम नाट्यवर्गातल्या एकीने केलंय, तिच्या आईचं आपल्या आईने. फ्रेमवाल्याचं काम बाबांनी. हसू नकोस. आधी 'मला कुठं जमतंय' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. तो शर्ट काढून रोजचा मळका घालायला लावायलाच आमची अर्धी सकाळ गेली.

चित्रपटात बापाला एकच मुलगी आहे. पात्रं वाढली की मिनिटं वाढतात.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की चित्रपट पक्का करण्याआधी तो परक्या लोकांना दाखवायचा आणि त्यांच्याकडून आठ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घ्यायचा. ओळखीचे लोक चालत नाहीत, ते खोटं बोलतात. ज्याचा चित्रपट त्याने एक शब्द बोलायचा नाही. समजावायचं नाही, माफी मागायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. सगळ्यात मागे बसून पाठमोऱ्या माना बघायच्या आणि कुणी हललं की कितवं मिनिट ते टिपून ठेवायचं. संकलनाच्या बाई म्हणतात, माणूस तोंडाने खोटं बोलतो, मानेने बोलत नाही.

परवा शुक्रवारी सहा नंबरच्या वर्गात एकतीस जण जमले. पहिल्या वर्षाची मुलं, ग्रंथपाल काका, ऑफिसातल्या दोन टायपिस्ट, शेजारच्या व्यायामशाळेतले चार आजोबा, आणि नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, ज्याला मी हात जोडून बसवलं. नवव्या मिनिटाला अकरा माना हलल्या. तिथे मुलगी खिडकीतून बाहेर बघत विचार करते. तो भाग मला फार आवडायचा. शनिवारी कापून टाकला.

फॉर्म वाचताना करमणूक झाली. एका आजोबांनी सगळ्या प्रश्नांना मिळून एकच उत्तर दिलंय, 'मुलीने गेलं पाहिजे'. एका टायपिस्टने विचारलंय की फ्रेमवाल्याची बायको इतकी कमी का बोलते. (आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'तूच बोलू दिलं नाहीस.') प्लंबरने लिहिलंय, 'सहाव्या मिनिटाला मागे नळ गळतोय. वायसर बदला.' घरी जाऊन पाहिलं तर खरंच गळत होता. आपण चौघांनी, म्हणजे आता तिघांनी, तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

एका ठिकाणी मात्र बऱ्याच लोकांचा गोंधळ उडाला. कुठे, ते तुला सांगत नाही. सांगितलं तर तुझं उत्तर तुझं राहणार नाही.

होय, तुझं उत्तर. सोबत पेनड्राइव्ह आहे आणि कोरा फॉर्म आहे. फॉर्मवर बत्तीस नंबर घातलाय. ओळखीची माणसं चालत नाहीत हे खरं, पण सात वर्षांनंतर तुला ओळखीचा म्हणावं की नाही याचा नियम बाईंनाही माहीत नसेल. चोवीस मिनिटं लागतील, आता बावीसच. वीस फेब्रुवारीला चित्रपट जमा करायचा आहे. त्याआधी फॉर्म परत आला तर बरं. नाही आला तरी चालेल.

तुझी बहीण


२९ जानेवारी, बुधवार

दादा,

नमस्कार. फॉर्म मिळाला. पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून उलटंपालटं करून पाहिलं. नव्हती. पण तू चित्रपट पाहिलास हेच मला पुष्कळ झालं, हे आधी लिहून टाकते.

तुझा फॉर्म आमच्या वर्गात आदर्श म्हणून लावता येईल. कथा समजली का: हो. कंटाळा कुठे आला: नाही. गोंधळ कुठे उडाला: नाही. कोणतं पात्र खरं वाटलं: फ्रेमवाला. आणि सहावा प्रश्न, कोणता प्रसंग कमी करावा, तिथे तू लिहिलंस: 'शेवटचा. दार इतका वेळ उघडं ठेवलं तर धूळ आत येते.'

मी संकलनाच्या खोलीत एकटी होते. आधी मोठ्याने हसले. बाबांचा आवाजच ऐकू आला त्यातून. दार लावा, धूळ येते. पंखा बंद करा, धूळ येते. काचेखाली केसाएवढा कण दिसला तर अख्खी फ्रेम उघडून पुन्हा बसवणारा माणूस. गिऱ्हाइकालासुद्धा पाय झटकल्याशिवाय आत घेत नाहीत. आणि हाच माणूस माझ्या चित्रपटात दार उघडं धरून उभा राहतो. हा विरोधाभास एकतीस परक्यांपैकी कुणाला कळणं शक्य नव्हतं. मला कळायला हवा होता आणि मला कळला नाही. मग हसू थांबलं.

आता तुला सांगायला हरकत नाही. गोंधळ उडाला होता तो त्याच जागी. एकतिसातल्या एकोणीस जणांनी तेच दार लिहिलंय. शेवटच्या प्रसंगात मुलगी निघून गेल्यावर फ्रेमवाला दुपारी दुकान बंद करतो आणि मधल्या दारातून घरात येतो. आत आल्यावर एका हाताने दार धरून ठेवतो. अकरा सेकंद. मग लावतो. मी तो प्रसंग शंभरदा पाहिला होता आणि मला तिथे फक्त बाबा जेवायला येताना दिसायचे. लोकांनी काय काय लिहिलंय बघ. 'तो कुणाची वाट बघतो?' 'मुलगी तर समोरच्या दाराने गेली, मग हा मागे काय बघतोय?' 'मांजर आहे का?' 'अभिनय जरा जास्त झाला.' व्यायामशाळेतल्या एका आजोबांनी लिहिलंय, 'इथे मला रडू आलं, कारण सांगता येणार नाही.' आणि ग्रंथपाल काकांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'या दारातून जो यायचा होता, त्याला कुठे कापलंत?'

त्या अकरा सेकंदांत एकही मान हलली नव्हती. तशी माझ्या वहीत नोंद आहे.

बाई म्हणाल्या, एवढ्या लोकांना कळत नाही म्हणजे ते चूक आहे, तीन सेकंद ठेव आणि दार लाव. म्हणून मी सहा दिवसांचं सगळं चित्रण पुन्हा काढून बसले, कुठे दार लवकर लागतंय ते शोधायला. बाबा त्या दारातून कॅमेऱ्यासमोर चौदा वेळा आत आलेत. चौदाही वेळा दार धरलंय. कधी नऊ सेकंद, कधी बारा. एका वेळी माझाच आवाज ऐकू येतो, 'बाबा, पटकन आत या ना,' आणि ते म्हणतात, 'आलोय की.' दार धरूनच.

ते अभिनय करत नव्हते. त्यांना तो येतच नाही, हे तुला मी सांगायला नको.

तुला आठवत असेल. दुपारी तू सगळ्यात शेवटी यायचास, दोन्ही हातांत फ्रेम चिकटवायच्या सरसाचं गरम भांडं धरून. जेवण होईपर्यंत ते आईच्या चुलीच्या कडेला ठेवायचं, म्हणजे सरस गोठत नाही. हात मोकळे नसायचे म्हणून बाबा तुझ्यासाठी दार धरायचे. 'चल लवकर, धूळ येतेय,' असं म्हणत धरायचे. आता सरस कुणी तापवत नाही. पाच वर्षांपूर्वीच बाटलीतला डिंक आला. ते भांडं माळ्यावर आहे. दार मात्र ते रोज धरतात. मी आणि आई रोज बघतो आणि आम्हाला दिसत नाही, त्या गळक्या नळासारखंच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की पात्रं वाढली की मिनिटं वाढतात. हे वाक्य बाईंनाही सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं. पहिल्या मसुद्यात मुलीला एक भाऊ होता. चांगली तीन पानं होती त्याची. मग तो का गेला हे लिहायची वेळ आली, आणि मी ती पानं काढून टाकली.

इथे त्या फोटोबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तू कोणता ते ओळखलं असशील. तीनदा सुरुवात केली. आज होत नाही.

थंडीत जप. आईने तुझ्यासाठी मफलर विणायला घेतलाय, पण मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस.

तुझी बहीण


९ फेब्रुवारी, रविवार

दादा,

नमस्कार आणि बाकीचं नंतर. आज आधी तेच लिहिते, नाहीतर पुन्हा आईच्या गुडघ्यावर दोन पानं भरतील.

त्या नर्सबाईंनी त्यांच्या मुलीचा फोटो आणला होता. चार वर्षांची असतानाच वारली ती. फोटो तेवढा एकच होता. त्यांना मध्ये पुठ्ठा नको होता, पलंगाशेजारी ठेवायला लहानशी फ्रेम हवी होती, म्हणजे काच थेट फोटोवर बसणार. ओली काच फोटोला चिकटते हे तू मला त्याच आठवड्यात शिकवलं होतंस. काच पुसली की दहा मिनिटं भिंतीला उभी करायची आणि मगच बसवायची. तू पुसलीस, उभी केलीस, घड्याळ बघितलंस. कोरडी झाल्यावर फोटोवर ठेवलीस आणि मागचे खिळे आणायला आत गेलास.

मी तेरा वर्षांची होते. मला काचेवर आतल्या बाजूला बोटाचा ठसा दिसला. तुझं काम आणखी चांगलं दिसावं म्हणून मी काच उचलली, ओल्या फडक्याने पुसली आणि तशीच परत ठेवली. तू आलास, खिळे मारलेस. मी कडेला उभी राहून बघत होते. दहा मिनिटांचं मला तेव्हा आठवलं. मी बोलले नाही, कारण फ्रेम पुन्हा उघडावी लागली असती आणि तू ओरडला असतास.

पुढचं तुला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी बाई फ्रेम न्यायला आल्या. काचेखाली डाग दिसला म्हणून बाबांनी त्यांच्यासमोर फ्रेम उघडली आणि मुलीचा चेहरा काचेबरोबर वर आला. बाई ओरडल्या नाहीत. काच द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि बाबांनी ती कागदात गुंडाळून दिली. त्यांच्यासमोरच बाबा तुला म्हणाले, 'तुझ्या हाताला समज नाही. काचेला हात लावू नकोस पुन्हा.'

तू म्हणालास, 'मी पुसून कोरडी केली होती.' दोनदा म्हणालास. तिसऱ्यांदा तुझं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तुलाच खात्री राहिली नाही, दादा. मी गल्ल्यामागे उभी होते आणि ते मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. बाबांच्या शब्दांपेक्षा मला तेच आठवतं. तुझी चूक नव्हती हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते गल्ल्यामागे फडकं घेऊन उभं होतं.

तीन महिन्यांनी तू गेलास. त्या एका फोटोमुळे कुणी घर सोडत नाही, तुमचं दोघांचं आधीही पटत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. थोडं खरं असेलही. पण घरात तुझे हात सगळ्यात चांगले होते आणि तू सात वर्षं खोकी मोजतोयस, हे माझ्यामुळे आहे. मला त्याची लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

काल घरी गेले होते. बाबांना बत्तीस नंबरचा फॉर्म दाखवला. नाव लिहिलेलं नाही, पण अक्षर बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहावं उत्तर बराच वेळ वाचत होते. मग मी त्यांना सगळं सांगितलं. फडकं, ठसा, दहा मिनिटं. ते एक काच कापत होते. हातातला कापायचा हिरा खाली ठेवला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. रेघ पूर्ण ओढली, काच सरळ तुटली, मग म्हणाले,

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

मी म्हटलं, सांगते. ते म्हणाले, "सात वर्षं लावलीस." ओरडले असते तर बरं झालं असतं. मग पुढची काच घेतली. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, काचेशी बोलल्यासारखे म्हणाले की त्या दिवशी मुलगा दोनदा बोलला होता, आणि आपण एकदाही विचारलं नाही. तेवढंच.

दुपारी एकला त्यांनी दुकान बंद केलं. मी आधी घरात आले आणि आईच्या शेजारी उभी राहून मुद्दाम बघितलं. ते आत आले, दार धरलं. या वेळी त्यांना स्वतःलाच कळलं. हाताकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता अवघडून दार लावतील. लावलं नाही. आईने वाढायला घेतलं तरी उभेच. शेवटी आई म्हणाली, "धूळ येतेय."

बाबा म्हणाले, "येऊ दे." आणि मग मला, "लिही त्याला. धूळ आली तर येऊ दे म्हणावं."

हा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिलाय. एक अक्षर कापलेलं नाही.

बाईंना मी सांगितलंय की दार अकरा सेकंदच राहील. त्या म्हणाल्या, लोकांना कळणार नाही आणि गुण कमी होतील. मी म्हटलं, होऊ देत. वीस तारखेला दुपारी चार वाजता सहा नंबरच्या वर्गात चित्रपट शेवटचा दाखवायचा आहे. बाबा येणार आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून. तू यावंस असं मला वाटतं. पण यायला हवंस असं म्हणण्याची माझी जागा राहिलेली नाही. चिडून चार ओळी लिहिल्यास तरी मी वाचीन. काहीच लिहिलं नाहीस तर तेही मला समजेल. मात्र एक कर. गोदामात कुठे तुटकी काच सापडली तर पुसून, दहा मिनिटं उभी करून, उजेडात धरून बघ. तुझ्या हाताला समज होती. तेव्हाही होती.

तू मला फुटपट्टी म्हणायचास. तू गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही, आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही. या पत्राखाली तीच सही करणार होते. पण नाव तू ठेवलेलं, तेव्हा परत द्यायचं की नाही ते तू ठरव. खाली जागा मोकळी सोडते.

तुझी

..............